मदत हवी आहे: लोळवलेला ताग पुन्हा उभा राहतोय, मका कशात टोकू?

नमस्कार मंडळी,

तणनाशक नको आणि नांगरही नको, असं ठरवून एका तुकड्यात ताग आणि चवळी मिसळून पेरली. दोन्ही आडवं पाडून त्या आच्छादनातच मका टोकायचा बेत आहे. तागाला कळ्या दिसल्या तसा पात्यांचा रूळ (पीक आडवं पाडून खोड चिरडणारा) फिरवला. सुरुवातीला झकास झोपला, पण आता शेंडे वळून वर आलेत. खोड सोलून पाहिलं: बाहेर पात्याचा वळ, आत मात्र हिरवंगार, ओलं. चवळीला तर काही झालंच नाही, मजेत पसरतेय! त्यात एका कोपऱ्यात हराळी. आता पुन्हा रूळ फिरवू की सरळ कापून टाकू? आणि आच्छादन पुरेसं आहे हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद १:
कापू नका. बुडातून फुटवे येतात आणि कापलेला पाला लवकर कुजून जमीन उघडी पडते. रुळाची पाती बोथट असतात ती म्हणूनच. खोड चिरडायचं असतं, तोडायचं नसतं. ताग फुलोऱ्यात येऊ द्या, मग फिरवा. राय (गव्हासारखं तृणधान्य) असो वा व्हेच (द्विदल वेल), पूर्ण फुलोऱ्याआधी लोळवलं की उठतंच. चवळीचं अवघड आहे. तिचा फुलोरा एकदम येत नाही, वेल वाढतच राहतो. पुढच्या वेळी मिश्रणातून वगळा.

प्रतिसाद २:
एक चौरस मीटरमधलं कापून पूर्ण वाळवा आणि वजन करा. ८०० ते ९०० ग्रॅम भरलं तर हेक्टरी ८-९ टन सुकं आच्छादन झालं. तण दाबायला साधारण एवढं लागतं. विरळ आच्छादन म्हणजे तणाला आयता ओलावा. ताग फार निबरही होऊ देऊ नका, काष्ठ झालेली खोडं कुजताना जमिनीतलं नत्र अडकतं आणि मका पिवळा पडतो. लोळवलेल्या रायमध्ये सोयाबीन जमतं, कारण ते आपलं नत्र आपणच मिळवतं.

प्रतिसाद ३:
हराळीवर कोणी बोललं नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. उजेड अडला की बारीक बियांची तणं उगवत नाहीत. पण हराळीची शिदोरी जमिनीतल्या कांड्यांत आणि लव्हाळ्याची गाठींत, ती आच्छादन भेदून वर येणारच. तो कोपरा यंदा वगळा, उन्हाळ्यात नांगरून कांड्या वेचा. नांगर घातला म्हणून बाटत नाही कोणी! अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली रोडेल इन्स्टिट्यूट ही सेंद्रिय शेतीची संशोधन संस्था ट्रॅक्टरच्या पुढे रूळ, मागे पेरणी यंत्र अशी एकाच फेरीत पेरणी करते, पण आच्छादन पीक पेरण्याआधी मशागत त्यांच्या फेरपालटातही असते.

धागाकर्ता:
आभार. फुलोऱ्यापर्यंत थांबतो, कोपरा सोडतो. एक राहिलंच: टोकणीची तबकडी पाला कापत नाही, दुमडून खाचेत कोंबते आणि बी पाल्यातच लटकतं.

प्रतिसाद १:
दव वाळल्यावर टोका, ओला पाला चिवट असतो. तबकडीला धार लावा. आणि रूळ ज्या दिशेने फिरवाल त्याच दिशेने टोका, आडवं गेलात की पाला यंत्राला गुंडाळलाच म्हणून समजा.