गाडीतला रेडिओ डिजिटलवरून एफएमवर आपोआप जातो : तुमचे अनुभव लिहा

रेडिंग, इंग्लंड

युरोपात गाडी चालवणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा धागा काढतेय. नव्या गाड्यांत डॅब, म्हणजे डिजिटल रेडिओ असतो. त्याचा सिग्नल ढासळला की रेडिओ तेच केंद्र एफएमवर शोधतो आणि न विचारता तिकडे जातो. सेटिंगमध्ये याला कुठे 'डॅब-एफएम लिंक' म्हणतात, कुठे 'सर्व्हिस फॉलोइंग'.

एम-४ महामार्गावरून वेल्सकडे जाताना बीबीसीच्या रेडिओ ४ वर एखादी मुलाखत रंगात आलेली असते आणि मधली एक-दोन वाक्यं गळतात. पुढे थोड्या अंतरावर आधी ऐकलेलंच वाक्य पुन्हा कानावर पडतं. डिजिटल आवाज सांकेतिक रूपात बांधून पुन्हा उलगडेपर्यंत एफएमच्या काही सेकंद मागे राहतो, म्हणून असं होतं. एफएमवर गेलं की आपण पुढे ढकलले जातो, परतलं की मागे. ही एवढी गोष्ट मला गाडी विकणाऱ्याने सांगितली नव्हती, शोधून काढावी लागली. तुमच्याकडे कसं आहे? रस्ता, गाडीचं साल आणि कोणतं सेटिंग ठेवता ते लिहा, म्हणजे दुसऱ्याला उपयोग होईल.

लीड्स, इंग्लंड

४ ऑगस्ट २०२५, ओव्हल कसोटीचा शेवटचा दिवस. इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या, आपल्याला ४ बळी. मी पेनाइन्सचे डोंगर ओलांडून मँचेस्टरला निघालो होतो. ख्रिस वोक्स एक हात गळ्यात बांधून मैदानात उतरला आणि नेमका तेव्हाच डोंगराच्या आड रेडिओ मुका झाला. एफएमवर गेलाच नाही, कारण जायला जागाच नव्हती. धावतं वर्णन बीबीसीच्या फाइव्ह स्पोर्ट्स एक्स्ट्रावर असतं आणि त्या केंद्राला एफएम नाही. सिक्स म्युझिकचंही तसंच. आवाज परत आला तोवर सिराजने ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवलेला, आपण ६ धावांनी जिंकलेलो. आनंद झालाच, पण तो चेंडू कानांनी बघायचा राहिला, ही हळहळ अजून आहे. ज्यांचं आवडतं केंद्र फक्त डॅबवर आहे त्यांनी या सोयीच्या भरवशावर राहू नये.

कोलोन, जर्मनी

रेडिंगच्या ताई, मी गाड्यांच्या रेडिओच्या चाचण्या करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एफएमवर आवाजाबरोबर आरडीएसमधून, म्हणजे सोबत जाणाऱ्या छोट्या डेटा-संकेतातून, केंद्राचा एक ओळख-क्रमांक जात असतो. डॅबवरही प्रत्येक सेवेला क्रमांक असतो. 'हा आणि तो एकच' ही माहिती प्रसारकाने डॅबच्या प्रवाहातून पाठवायची असते. 'हार्ड लिंक' म्हणजे दोन्हीकडे तंतोतंत तोच कार्यक्रम. 'सॉफ्ट लिंक' म्हणजे जवळपास तसाच, त्याच कुटुंबातला. आमच्याकडे डब्ल्यूडीआर २ या केंद्राच्या प्रादेशिक आवृत्त्या आहेत. सॉफ्ट लिंक चालू असेल तर एका भागातल्या स्थानिक बातम्या ऐकता ऐकता तुम्ही दुसऱ्या भागातल्या बातम्यांत जाऊन पडू शकता. प्रसारकाने ही माहिती चुकीची पाठवली किंवा बदल झाल्यावर सुधारली नाही, तर उत्तम रेडिओही फसतो. शिव्या मात्र गाडीलाच बसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमची वाक्यं गळतात, कारण वेळेची जुळणी होत नाहीये. चांगल्या रेडिओत एकाहून जास्त ट्यूनर, म्हणजे सिग्नल पकडणारे भाग, असतात. एक डॅब वाजवतो तेव्हा दुसरा एफएम धरून ठेवतो. एफएमचा आवाज मेमरीत काही सेकंद थोपवायचा, दोन्हींची लय जुळवायची, पातळी सारखी करायची आणि मग हळूच बदलायचं. हे नीट जमलं तर फक्त आवाजाचा पोत बदलल्याचं जाणवतं. ट्यूनर एकच असेल तर हे जमत नाही.

आयफेलच्या डोंगराळ भागातल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर मी मागच्या सीटवर हेडफोन लावून बसतो, मांडीवरच्या लॅपटॉपवर चुकलेल्या बिट्सचा आलेख सरकत असतो. टेकडीआड वळलो की रेघ चढायला लागते. रेडिओने लगेच सोडलं तर प्रत्येक वळणावर इकडून तिकडे उड्या. फार वेळ धरून ठेवलं तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा गुडगुडतो आणि मग शांतता. खरा कस हा उंबरठा ठरवण्यात लागतो. युरोपीय संघात २१ डिसेंबर २०२० पासून नव्या मोटारींच्या रेडिओला डिजिटल प्रसारण घेता आलंच पाहिजे असा नियम आहे, पण अदलाबदल किती सफाईने व्हावी याबद्दल तो काही म्हणत नाही.

बर्मिंगहॅम, इंग्लंड

माझा रेडिओ भर शहरात एफएमवर जायचा. गॅरेजवाल्याने नवा रेडिओ बसवा म्हणून सांगितलं. मग नवऱ्याच्या लक्षात आलं की डॅशकॅमची वायर काढली की डॅब स्थिर राहतो! अँटेना काचेवर चिकटवलेला होता आणि कॅमेऱ्याची वायर त्याला अगदी खेटून गेलेली. वायर काचेच्या दुसऱ्या बाजूच्या खांबातून फिरवली, तिच्यावर फेराइटचं, म्हणजे वायरीतला विद्युत गोंगाट अडवणारं, कडं बसवलं. अँटेनाची अर्थिंगची पट्टीही प्लॅस्टिकवर चिकटवलेली निघाली, ती खांबाच्या उघड्या धातूला लावली. तेव्हापासून त्रास नाही. रेडिओ बदलायच्या आधी हे जरूर बघा.

बर्गन, नॉर्वे

इथे हा प्रश्न जवळजवळ उरलेला नाही. २०१७च्या जानेवारीत नूरलान प्रांतापासून सुरुवात करून डिसेंबरपर्यंत राष्ट्रीय केंद्रांचं एफएम टप्प्याटप्प्याने बंद झालं. एफएमवर उरली ती स्थानिक केंद्रं. आमच्या तेव्हाच्या जुन्या गाडीत ॲडॉप्टर लावला होता. तो डॅब पकडून मोकळ्या एफएम फ्रिक्वेन्सीवर गाडीच्या रेडिओला देतो. गावागणिक ती मोकळी जागा बदलावी लागायची, त्याचा वैताग यायचा.

बोगद्यांचं मात्र कौतुक करायला हवं. लांब बोगद्यांत डॅब पोचवलाय आणि आणीबाणीची सूचना रेडिओवरूनच देता येते. आई-बाबा आले होते तेव्हा २४.५ किलोमीटरच्या लार्दाल बोगद्यातून बातम्या ऐकत गेलो. बाबांना बोगद्यापेक्षा त्याचंच नवल वाटलं. सीमेवरचा स्वीनेसुंदचा पूल ओलांडून स्वीडनमध्ये शिरलं की मात्र एफएम हवंच, स्वीडनने ते बंद केलेलं नाही.

झुरिक, स्वित्झर्लंड

कोलोनच्या दादांना विचारायचंय. इथल्या सार्वजनिक प्रसारकाने ३१ डिसेंबर २०२४ ला एफएम बंद केलं. तरी सिग्नल कमी झाला की आमची २०१६ची गाडी एफएम धुंडाळत राहते आणि तेवढा वेळ एकदम गप्प. काय करू?

कोलोन, जर्मनी

जुन्या फ्रिक्वेन्सी तिच्या मेमरीत राहिल्या असाव्यात. केंद्रांची यादी पुसून नव्याने शोध लावा. तरी थांबलं नाही तर एफएम लिंक बंद करा आणि डॅब-टू-डॅब असा वेगळा पर्याय असेल तर तो चालू ठेवा. तोच कार्यक्रम दुसऱ्या डिजिटल वाहिनीसमूहात (एकाच फ्रिक्वेन्सीवर एकत्र जाणाऱ्या केंद्रांच्या गटात) असेल तर रेडिओ तिकडे जाईल. इकडे जर्मनीत याल तेव्हा एफएम लिंक पुन्हा चालू करायला विसरू नका.