एचएचव्ही-८: के१ येतोय, के१५ येत नाही! मदत हवी आहे

घाईत_आहे: एचएचव्ही-८ चं, म्हणजे कपोसी सार्कोमा या कर्करोगाच्या विषाणूचं, सबटायपिंग (उपप्रकार ओळखणं) करतेय, त्याच्या के१ आणि के१५ या दोन जनुकांवरून. पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढताना) के१ सगळ्या नमुन्यांत आला, सिक्वेन्सिंगही झालं, ट्रीमध्ये (वंशवृक्षात) नमुने ए आणि सी गटांत बसले. के१५ मात्र काहींत स्वच्छ बँड, काहींत जेलवर काहीच नाही. अ‍ॅनिलिंग तापमान (प्रायमर, म्हणजे पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे, ज्या तापमानाला बसतात ते) वरखाली करून झालं. उद्या गाईडना दाखवायचंय. प्लीज लवकर!

आगाऊ: नमुने कसले? रक्त असेल तर त्यात या विषाणूचा डीएनए फार कमी असतो. नेस्टेड पीसीआर (दोन फेऱ्यांचा) करा.

घाईत_आहे: बायोप्सी. आणि डीएनए कमी असता तर के१ तरी आला असता का?

अधिकमास: पीसीआरच्या मिश्रणात मॅग्नेशियम वाढवा. माझी अख्खी पीएचडी मॅग्नेशियमने तारली.

ओठफोड: मला ताप आला की ओठावर फोड येतात. असायक्लोव्हिरचं मलम लगेच लावायचं, नंतर लावून उपयोग नाही.

आगाऊ: अहो, तो बहुतेक एचएसव्ही-१, याच हर्पिस कुटुंबातला दुसरा विषाणू. इथे कपोसी सार्कोमाचा विषाणू चाललाय, १९९४ मध्ये चँग आणि मूर यांनी शोधलेला.

दर्यावर्दी: नमुने कुठल्या भागातले? के१ म्हणजे माणसाच्या स्थलांतराचा नकाशाच. बी गट आफ्रिकेत, डी पॅसिफिक बेटांवर, ई अमेरिकेतल्या मूलनिवासींत. लाळेतून, घरातल्या घरात आईकडून मुलांकडे जातो, म्हणून वंशावळ टिकून राहते.

शंकेखोर: इतकं सरळ नाही. ए५ हा ए चा उपगट आफ्रिकेतच बी च्या शेजारी नांदतो, त्याचं काय? के१ वर निवडीचा दाब आहे, त्यातले व्हीआर१ आणि व्हीआर२ हे भाग भराभर बदलतात. त्यावरून हजारो वर्षांचे हिशोब मांडू नयेत.

दर्यावर्दी: हिशोब कोण मांडतंय? मी नकाशा म्हणालो.

कांजिण्या: व्हीझेडव्हीचंही, म्हणजे कांजिण्यांच्या विषाणूचंही, असंच आहे. क्लेड (वंशगट) १ आणि ३ युरोपात जास्त, ५ आफ्रिका आणि भारतात. लशीतला ओका हा वाण मात्र जपानचा, क्लेड २.

शंकेखोर: ते राहू द्या. ताई, प्रायमर के१५ च्या कुठल्या अलीलवर (जनुकाच्या रूपावर) बेतलेत?

घाईत_आहे: पेपरमधून घेतले. पी लिहिलंय. फरक पडतो?

शंकेखोर: सगळा फरक तिथेच! के१५ चे पी आणि एम प्रथिनाच्या पातळीवर जेमतेम एक तृतीयांश जुळतात. पी चे प्रायमर एम वर बसणारच नाहीत. कोरे नमुने एम च्या प्रायमरने लावा, सोबत पी लागलेला एखादा नमुना ठेवा. त्यात एम चा बँड दिसला तर प्रायमरच्या नेमकेपणावर संशय घ्या. नमुने आफ्रिकेतले असतील तर एन अलीलही डोक्यात ठेवा.

अधिकमास: तरी एकदा मॅग्नेशियम...

शंकेखोर: प्रायमरला बसायला जागाच नाही, तिथे मॅग्नेशियम ओतून काय होणार?

आगाऊ: शिवाय के१ जीनोमच्या एका टोकाला, के१५ दुसऱ्या. मध्ये पुनर्संयोजन (डीएनएच्या तुकड्यांची अदलाबदल) होतं. एकाच के१ गटात पी आणि एम दोन्ही सापडतात, म्हणून दोन्ही ट्री जुळले नाहीत तर घाबरू नका. खरं तर पूर्ण जीनोमच काढा.

घाईत_आहे: पूर्ण जीनोमचे पैसे तुम्ही देणार का? एम चे प्रायमर मागवते. तोवर कोरे नमुने तक्त्यात निगेटिव्ह लिहू?

शंकेखोर: मुळीच नको, के१ आलाय ना! 'पी नाही, एम तपासणे बाकी' असं लिहा.

दर्यावर्दी: नमुने कुठले ते अजून कळलं नाही.