सोळाव्या वर्षी 'कोसला' हातात द्यावी का?

सीताबर्डीची मावशी:
बहिणीचा मुलगा अकरावीत आहे, माझ्याकडेच राहतो. नीटच्या क्लासमध्ये मागे पडला आणि दोन महिने झाले, घरात धड बोलत नाही. परवा त्याने माझ्या कपाटातून भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' कादंबरी काढली. मी ती हातातून काढून घेतली. माझं मत सरळ आहे, या वयात उमेद देणारं वाचायला हवं. 'श्यामची आई' द्या, मिलिंद बोकिलांची 'शाळा' द्या. 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो आणि गावी येऊन बसतो. हताश पोराने त्यातून काय घ्यावं?

महालवाला:
ताई, परत द्या त्याला. इंजिनिअरिंगचं एक वर्ष घालवून मी घरी आलो, तेव्हा जो तो म्हणायचा, 'होईल रे सगळं नीट.' त्या वाक्याने मला जास्त एकटं पाडलं. 'कोसला'त पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, ती पानं मी गच्चीवर बसून तीनदा वाचली आणि पहिल्यांदा मोकळेपणी रडलो. दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायला गेलो. कादंबरी १९६३ ची, तेव्हा नेमाडे स्वतः २५ चे होते. त्या वयाची घालमेल त्यात आहे, उपदेश नाही.

सीताबर्डीची मावशी:
तुम्ही तेव्हा विशीत होतात. हा सोळाचा आहे. चार वर्षांचा फरक लहान नसतो.

धरमपेठेतली शिक्षिका:
वयाचं पटतं. पण 'श्यामची आई' उमेदीची म्हणता, तर तिच्यात आहे काय? कर्ज, जप्ती, आणि शेवटी आई जाते तेव्हा श्याम जवळसुद्धा नसतो. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई फोकाने मारते, कारण त्याला कोणी भित्रा म्हणू नये. मुलं इथे वर्गात गप्प होतात. गोड शेवटामुळे नाही, कोणीतरी आपल्यासाठी इतकं झुरतं म्हणून.

इंदोऱ्याचा:
तुमी सारे पांढरपेशा घरातलं बोलून राहिले. माह्या बापानं दसऱ्याले दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून मले दया पवाराचं 'बलुतं' घेऊन देलं, तवा मी दहावीत होतो. शिदोरी सोडून लोक झाडाखाली जेवत होते अन् बाप पुस्तक उलटंपालटं करून किंमत विचारत होता. त्याले वाचता येत नव्हतं. त्यातल्या दगडू पवाराची गोष्ट काही गोड नाही, त्यात लाज आहे, उपास आहे. पण पोरगा शाळा सोडत नाही. मले तेवढंच पुरलं. पोराले कमजोर समजू नका, मावशी.

महालवाला:
बापाने किंमत विचारली, हेच खरं. 'कोसला' वाचताना माझ्यापाशी कोणी नव्हतं.

धरमपेठेतली शिक्षिका:
म्हणून तर म्हणते, पुस्तक कुठलंही द्या, एकट्याला देऊ नका. तरी मी आधी 'शाळा'च देईन. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद त्याच्या वयाला जवळचा आहे.

सीताबर्डीची मावशी:
'शाळा'च आधी, हे माझं मत कायम आहे. पण काल रात्री दोन्ही पुस्तकं त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने 'कोसला' उचलली. मनीच्या पानांपाशी पोचलास की मला उठव, एवढं सांगितलंय. कितीही वाजलेले असोत.