मदत हवी आहे : धरणाच्या माशातला पारा कुठं तपासून मिळेल?

नमस्कार मंडळी. आम्ही पैठणजवळचे. बायकोला सातवा महिना लागलाय आणि व्हॉट्सॲपवर "नाथसागराच्या माशात पारा" असा मेसेज फिरतोय. ना तारीख, ना आकडा.

माझ्या वाचनात आलं ते असं : पारा मांसातच मुरतो, धुऊन-तळून जात नाही. दुसरे मासे खाणाऱ्या मरळीत तो रोहूपेक्षा जास्त साठू शकतो. माशातली कायद्याची मर्यादा किलोमागं ०.५ मिलीग्रॅम, शिकारी माशांना १. पोटातल्या बाळाच्या मेंदूला धोका सगळ्यात जास्त.

अन्नसुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकालाही फी भरून नमुना तपासून घेता येतो. कुणी केलंय का? संभाजीनगरला पारा मोजणारी मान्यताप्राप्त लॅब आहे, की पुणं गाठावं लागतं? मासा किती लागतो? काल एका ठिकाणी फोन केला तर "पाण्याचा नमुना आणा" म्हणाले. अहो, आम्ही मासा खातो!

आणि रिपोर्ट वाईट आलाच तर गावाला सांगायचं कसं? दवंडी पिटून भोयांच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला. आमचा मासेवालाच म्हणाला, "दादा, मरळ फुकट न्या, पण खरं काय ते कळू द्या." ती आता पेपरात गुंडाळून फ्रीजरमध्ये पडलीय. लवकर सांगा.