पपईच्या चिकापासून पपेन: चीक तांबूस का पडला?

तापीकाठ
नमस्कार. शहादा तालुक्यात आमची दीड एकर तैवान ७८६ पपई आहे. यंदा भाव पडल्यावर, हिरव्या फळांचा चीक वाळवून औषधासाठी विकता येतो असे एका व्यापाऱ्याने सांगितले, म्हणून वीस-पंचवीस फळांना विळ्याने चिरा दिल्या, चीक पत्र्याच्या डब्यात धरला आणि धाब्यावर दोन दिवस उन्हात वाळवला. सकाळी दुधासारखा पांढरा असलेला चीक संध्याकाळपर्यंत तांबूस झाला आणि दुसऱ्या दिवशी तर गुळाच्या खड्यासारखा दिसू लागला. व्यापाऱ्याने एक खडा चिमटीत घेऊन हुंगला आणि सगळा माल परत केला. चूक कोठे झाली? चिरा दिलेली फळे पुढे बाजारात चालतात का?

खलबत्ता
भाऊ, चूक विळ्यापासूनच सुरू झाली. मी जळगावात औषधनिर्माणशास्त्र शिकवत असे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

पपेन हे प्रथिने तोडणारे एन्झाइम आहे आणि त्याचे काम रेणूतील सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकावर चालते. लोखंड किंवा तांब्याचा अंश लागला की त्या गंधकाचे ऑक्सिडीकरण झपाट्याने होते, म्हणजे चीक दिसायला चीकच राहतो, पण त्यातले पपेन निकामी होत जाते. म्हणून चिरा स्टेनलेस स्टीलच्या पात्याने किंवा बांबूच्या धारदार कामटीने देतात आणि चीक प्लास्टिकच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या थाळीत धरतात. फळ झाडावरच असावे, ७५ ते ९० दिवसांचे. सकाळी दहाच्या आत त्याला चार उभ्या चिरा द्याव्यात, खोली ३ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी मोकळ्या जागी पुन्हा चिरा द्याव्यात. असे चार वेळा करता येते. गोळा झालेल्या चिकात ०.०५ टक्के पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (माल टिकवण्यासाठीचे रसायन) मिसळून तो त्याच दिवशी ५० ते ५५ अंश सेल्सिअसला ड्रायरमध्ये वाळवावा. आपल्याकडच्या उन्हाला ना तापमानाचा धरबंध, ना धुळीचा.

औषधासाठी घेणारा केवळ वजन पाहत नाही. ठरावीक पपेन ठरावीक वेळात किती प्रथिन पचवते, याची चाचणी करून तो भाव ठरवतो. ओला चीक वाळून साधारण पाचवा हिस्सा उरतो, हेही हिशेबात धरावे.

सातपुड्याच्या_पायथ्याशी
खलबत्ता सरांनी सांगितलेली कृती आम्ही चोपड्याकडे एक हंगाम करून पाहिली आहे. मालाची प्रत जमली, पण मजुरी अंगावर आली, कारण एकाच फळापाशी चार वेळा जावे लागते आणि तेही सकाळच्याच वेळात. पहिल्या आठवड्यात हातमोजे न घातल्याने दोन मजुरांच्या बोटांची सालपटे निघाली. तेव्हा तेवढी काळजी आधीच घ्यावी.

फळांविषयी सांगायचे तर, चिरांचे डाग पडलेले फळ खाण्यासाठी कोणी उचलत नाही. टुटीफ्रुटीवाले घेतात, मात्र त्यांचा भाव वेगळा. तैवान ७८६ ही खाण्याची जात आहे. चिकासाठी मुद्दाम लागवड करायची असेल, तर कोइमतूरच्या सीओ-२ किंवा सीओ-५ या जाती पाहाव्यात. उभ्या बागेत हा खटाटोप मला तरी परवडणारा वाटत नाही.

मेडिकलवाला_धुळे
एक इशारा. आमच्या दुकानातल्या पचनाच्या कित्येक औषधांत फंगल डायस्टेजच्या (बुरशीपासून मिळणाऱ्या, पिष्ट पचवणाऱ्या एन्झाइमच्या) जोडीला पपेन असते, पण ते शुद्ध केलेले आणि मोजून घातलेले. घरचा चीक जखमेवर किंवा चामखिळीवर लावू नये. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध-नियामक संस्थेने) २००८ मध्ये पपेनची मान्यता नसलेली मलमे बंद करायला लावली, कारण ती लावल्यावर काहींना गंभीर अ‍ॅलर्जी होऊन रक्तदाब घसरल्याच्या तक्रारी आल्या होत्या. वाळलेल्या पपेनची भुकटी श्वासातून गेल्यास दमाही उठतो, म्हणून चाळताना मास्क हवा. रबराच्या चिकाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना पपईच्या चिकाचाही त्रास होऊ शकतो. अशा माणसाला या कामावर घेऊ नये, आणि रबरी हातमोजे तर मुळीच देऊ नयेत.

तापीकाठ
सर्वांचे आभार. उभी बाग फळांसाठीच ठेवतो. बांधालगतच्या दहा झाडांवर मात्र बांबूच्या कामटीने पुन्हा एकदा चीक काढून पाहणार आहे. शहादा-नंदुरबारकडे कोणाकडे भाज्या सुकवण्याचा ड्रायर असेल, तर दोन दिवसांसाठी भाड्याने मिळेल का?