चिऱ्याच्या 12 बाय 12 खोलीत सबवूफर एक की दोन?

देवगडवाला: मंडळी, जुन्या घरातली खोली आहे, 12 बाय 12 फूट, भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), खाली फरशी. पखवाज लावला की कोपऱ्यात नुसता ढमढमाट आणि मधे खुर्चीत बसलं की बासच गायब! सबवूफर (फक्त खोल बास वाजवणारा स्पीकर) 12 इंची एक घेऊ की 8 इंची दोन?

चिरेबंदी: दोनच घ्या. खोली चौरस, म्हणजे भिंतींमधे अडकून राहणाऱ्या बासच्या लांबी-रुंदीच्या दोन्ही लाटा 47 हर्ट्झच्या आसपासच पडतात, भिंतीला फुगतात अन् बरोबर मधे मरतात, तिथे कितीही मोठा सब आणलात तरी खड्डा भरत नाही. समोरासमोरच्या भिंतींच्या मधोमध एकेक ठेवा, दोघांची फेज सारखी (म्हणजे दोघांचे पडदे एकाच वेळी पुढे-मागे), क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती हद्द) 80 हर्ट्झ.

खाडीकाठ: +1. सील्ड बॉक्सच (हवेला भोक नसलेला, पूर्ण बंद) घ्या, लहान खोलीत जास्त आटोपशीर वाजतो. आणि पावसाळ्यात चिऱ्याची भिंत ओल धरते, एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचा) बॉक्स तिला अजिबात टेकवू नका, खालून फुगतो हो.

देवगडवाला: एका भिंतीच्या मधोमध नेमकं दार आहे, मग?

चिरेबंदी: मग तिथला दाराच्या शक्य तितका जवळ ठेवा, आणि खुर्ची हातभर मागे घेऊन ऐकून बघा.