मदत हवी आहे: कॅनरी, एरर बजेट, क्रॅशलूप... ऑपरेशन्सची ही भाषा कशी शिकलात?

नमस्कार. नऊ वर्षं मॅन्युअल टेस्टिंग केलं, दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन्सच्या, म्हणजे चालू सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या टीममध्ये आले. काम आवडतंय, पण टीमचं बोलणं डोक्यावरून जातं.

गेल्या आठवड्यात रात्री कॉलवर एकाने विचारलं, "कॅनरी १० टक्क्यांवर आहे, एरर बजेट संपत आलंय, रोलबॅक करू का?" ऑन-कॉल, म्हणजे अडचण आली की बघायच्या पाळीवर, मीच होते. मला त्यातलं रोलबॅक, म्हणजे जुनी आवृत्ती परत आणणं, तेवढं कळलं. "थांबा, विचारून सांगते" म्हटलं, आणि त्यात ११ मिनिटं गेली. तोवर लोकांचे व्यवहार अडकून पडले होते, ते मनाला लागून राहिलंय.

तेव्हापासून वाचतेय. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून कॅनरी पक्षी नेत. तसंच नवी आवृत्ती आधी थोड्याच वापरकर्त्यांवर सोडून बघायची. हा शब्द गोष्टीमुळे पक्का बसला. बाकीच्यांचं तसं होत नाही. व्याख्या पाठ होते, पण स्क्रीनवर 'क्रॅशलूपबॅकऑफ' दिसलं की हात थांबतात. एसएलआय, एसएलओ, एसएलए यांत तर रोज घोळ होतो. शब्दांची यादी नकोय. तुम्ही कुठून सुरुवात केलीत ते सांगाल का?

प्रतिसाद

ताई, आधी त्या ११ मिनिटांचा हिशेब करू.

किती टक्के रिक्वेस्ट, म्हणजे वापरकर्त्यांकडून आलेल्या मागण्या, नीट गेल्या हा मोजलेला आकडा म्हणजे एसएलआय. तो किती असावा हे टीमने ठरवलेलं लक्ष्य म्हणजे एसएलओ. एसएलए हा ग्राहकाशी केलेला करार, तो मोडला तर बहुधा भरपाई द्यावी लागते. लक्ष्य ९९.९ टक्के असेल, तर ३० दिवसांत चुकायला उरतो ०.१ टक्का, म्हणजे सुमारे ४३ मिनिटं. हेच एरर बजेट. तुमची कॅनरी १० टक्क्यांवर होती, म्हणजे दहातली एकच रिक्वेस्ट नव्या आवृत्तीकडे जात होती. तिच्यावरची प्रत्येक रिक्वेस्ट फसली असं धरलं, तरी रिक्वेस्टच्या हिशेबाने ११ मिनिटांचा दहावा हिस्सा, म्हणजे मिनिटभराहून थोडंच जास्त बजेट गेलं. कॅनरी ठेवतात ती यासाठीच. मात्र बजेट संपत आलंय आणि कॅनरीवर चुका दिसताहेत, तर आधी रोलबॅक, चर्चा नंतर. त्यासाठी सहसा कुणाला विचारायची गरज नसते.

क्रॅशलूपबॅकऑफ हा आजार नाही, लक्षण आहे. कंटेनर (ॲप ज्यात चालतं तो बंदिस्त डबा) सुरू होतो, मरतो, कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीस तो पुन्हा उठवतं. दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून: १० सेकंद, २०, ४०, असं ५ मिनिटांपर्यंत. ते थांबणं म्हणजे बॅकऑफ. आधी, नुकत्याच मेलेल्या कंटेनरचे लॉग्ज (त्याने लिहिलेल्या नोंदी) काढा, 'प्रिव्हियस' पर्याय देऊन. चालू कंटेनरच्या लॉग्जमध्ये बऱ्याचदा काहीच सापडत नाही. एक्झिट कोड (बंद पडताना मागे राहणारा आकडा) १३७ असेल तर कंटेनर बाहेरून मारला गेलाय. मेमरीची मर्यादा ओलांडली का, ते बघा.

शिकण्याचा क्रम विचाराल तर एक छोटा बदल घ्या आणि त्याच्या मागे मागे जा: कमिट (कोडमधला बदल नोंदवणं), बिल्ड (त्यातून चालणारं सॉफ्टवेअर बनवणं), इमेज (कंटेनरचा साचा), डिप्लॉय (ते सर्व्हरवर सोडणं), प्रोब (नीट चालतंय का याची तपासणी), अलर्ट (बिघाडाचा इशारा). मी असाच शिकलो.

धागाकर्तीचं उत्तर

मनापासून आभार. आज सकाळी एक पॉड (कुबरनेटीसमध्ये कंटेनर ज्यात चालतो तो) सारखा पडत होता. मागचे लॉग्ज काढले, कोड १३७च निघाला. मेमरीची मर्यादा वाढवली आणि तो टिकला. पण मर्यादा वाढवणं हा इलाज झाला, की मेमरी कुठे गळतेय ते शोधायला हवं? शोधायचं तर सुरुवात कुठून करू?